सांगोल्याचं डाळिंब: किसान रेल्वे की ट्रक?

७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे, म्हणजे शेतमालाची खास गाडी, सुटली. सुमारे दीड हजार किलोमीटर, साधारण ३२ तासांत. त्याच वर्षी डिसेंबरात शंभरावी गाडी निघाली ती आमच्या सांगोल्याहून, थेट बंगालात शालिमारला. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात तेव्हा ५० टक्के सवलत होती. दहा क्रेट असले तरी बुकिंग व्हायचं, गाडी भरायची वाट बघायला नको.

ट्रकचं तसं नाही. पण तो बागेच्या बांधापर्यंत येतो, हे मोठं. रेल्वेला माल दोनदा चढवा-उतरवा, हमाली वेगळी. वाशी मार्केटला जायचं तर ट्रकच बरा. रात्री भरला की सकाळी गाळ्यावर. बंगाल-बिहारला मात्र मी रेल्वेच म्हणेन.

गावोगावच्या निवेदनांत रेल्वे आणि रस्ता या दोन वेगळ्या मागण्या असतात. खरं तर स्टेशनला जायलाही आधी तोच खड्ड्यांचा रस्ता. बागेत लालचुटूक दिसणारं फळ आदळून आदळून आतून काळवंडतं, आणि ते कळतं थेट व्यापाऱ्याने फोडल्यावर.