सोलरच्या घरात स्मार्ट एनर्जी मीटर: घ्या, पण दुपारसाठी नको

गच्चीवर सोलर बसलं की विक्रेता लगेच पुढची वस्तू काढतो. डीबीत, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, बसवायचा छोटा स्मार्ट एनर्जी मीटर. एक सीटी (करंट मोजणारं कडं) मेन वायरीभोवती आणि दुसरा सोलरकडून येणाऱ्या वायरीभोवती अडकवायचा, वायफायला जोडायचा आणि मग मोबाइलवर घरातली वीज कुठून कुठे चालली आहे ते बघायचं. मला तो साडेपाच हजारांच्या आसपास पडला. वायरमनचे पैसे वेगळे. वसूल झाला का, तर झाला. पण विकताना जे सांगितलं होतं त्यातलं जवळपास काहीच कामाला आलं नाही, भलतंच काहीतरी आलं.

आमचं घर पुण्यात सहकारनगरात, जुनं, बैठं आणि वर एक मजला. गच्चीवर ३ किलोवॅट. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून तेवढंच बसवलं. घरात माणसं सहा आणि शिवाय माझी घरघंटी. थालीपिठाची, उपवासाची, चकलीची भाजणी मी ऑर्डरप्रमाणे दळून देते, आणि दिवाळीच्या आधी तर ती थंडच होत नाही. तेव्हा वीज हा आमच्याकडे गंमतीचा विषय नाही.

विक्रेत्याचं पालुपद असं: "काकू, ॲपमध्ये सोलर जास्त दिसलं की घरघंटी लावा, वॉशिंग मशीन लावा, पैसेच पैसे वाचतील." ऐकायला झकास आहे. पण आपल्याकडे घरगुती नेट मीटरिंगचा हिशोब युनिटाला युनिट असा होतो. दुपारी मी एक युनिट ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वायरीत, दिलं आणि रात्री एक घेतलं, तर बिलात दोन्ही एकमेकांत फिटतात. मग भाजणी दुपारी बारालाच दळली काय आणि संध्याकाळी सातला दळली काय, बिलात फरक पडत नाही. कारखाने आणि मोठ्या व्यावसायिक ग्राहकांना वेळेनुसार दर असतो, त्यांचं गणित निराळं. ज्यांनी सोलरला बॅटरी लावली आहे त्यांचंही निराळं. साध्या नेट मीटरच्या घरात मात्र दुपारी बाराचा गजर लावून कपडे धुणं हा निव्वळ व्यायाम आहे.

यावर लोक सवलतीचं सांगतात. जुलै २०२५ पासून महावितरणचा स्मार्ट मीटर (हा डीबीतला नव्हे, बिलाचा) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत आहे, हे खरं. पण त्या वेळात आमचं छप्परच वीज देत असतं, ग्रिडकडून घेणार किती? ढगाळ दिवशी थोडी घेतो, तेवढ्यापुरती सवलत. ज्यांच्याकडे सोलर नाही आणि दिवसभर माणसं घरात आहेत, त्यांना तिचा उपयोग आमच्यापेक्षा जास्त.

वेळ पाळावी असा महिना माझ्या मते एकच, तो मार्च. जमा झालेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढता येतात, पण आर्थिक वर्ष संपलं की पाटी कोरी होते आणि उरलेल्या युनिटांचे पैसे बिलाच्या दरापेक्षा बरेच कमी मिळतात. एप्रिल-मेचं ऊन मात्र जुलै-ऑगस्टच्या ढगात कामाला येतं, ती युनिटं जपायची. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जमा दिसली की मी वर्षाच्या मसाल्याचं आणि वाळवणाचं दळण तेव्हाच उरकते. त्यातही दुपारच हवी असं नाही, ३१ मार्चच्या आत झालं म्हणजे झालं.

आता मीटर कुठे कामाला आला ते. रात्री.

रात्री दोन ते चारमध्ये सगळे झोपलेले असताना घरानं जवळजवळ काहीच खाऊ नये. आमच्या आलेखात तिथे एक सपाट रेघ होती, २४० वॅटची. ही रेघ नेट मीटरवर दिसत नाही, सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या पेटीच्या) ॲपवरही दिसत नाही, कारण ते ॲप छपरानं काय दिलं एवढंच सांगतं. भाचा एका रविवारी आला होता. त्याला डीबीपुढे स्टुलावर उभा केला आणि मी मोबाइल घेऊन बसले. तो एकेक एमसीबी (डीबीतला स्विच) खाली करायचा, "आत्या, आता?" विचारायचा, मी आकडा वाचायचे. फ्रिज समजला. वायफाय आणि सेट टॉप बॉक्स मिळून चिल्लर निघाली. मग जिन्याखालचा स्विच बंद केला आणि आकडा एकदम ११० नं खाली आला. तिथे कोण, तर लोडशेडिंगच्या काळात घेतलेला बॅटरीचा इन्व्हर्टर. बॅटरी म्हातारी झालेली, कितीही पाजलं तरी भरत नव्हती, आणि हा तिला रात्रंदिवस पाजत बसला होता. ११० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला अडीच युनिटांच्या वर, महिन्याला ऐंशीच्या आसपास. चांगल्या उन्हाच्या दिवशी आमचं छप्पर बारा युनिटं देतं. त्यातली अडीच जिन्याखाली जात होती! नवीन बॅटरी घेतली नाही, इन्व्हर्टरच भंगारात दिला. दोन चार्जिंगचे दिवे आणून ठेवले.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. त्याच सपाट रेघेवर रात्रीतून दोनदा एक उंच खांब दिसायचा, साधारण ७५० वॅटचा, काही मिनिटांपुरता. तो पाण्याचा पंप. गच्चीवरची टाकी उतरली की आपोआप चालू होतो, इथवर ठीक. पण रात्री दोनला टाकी उतरते कशी? वरच्या बाथरूममधला फ्लश गळत होता. आवाज नाही, थेंब दिसत नाही, पाणी सरळ भांड्यात. प्लंबरनं वॉशर बदलला आणि खांब गेला. विजेच्या मीटरनं पाण्याची गळती पकडून दिली, हे मी भिशीत सगळ्यांना सांगून झालेलं आहे.

आता तक्रारी. ॲप इंग्रजीत, मराठी नाहीच, आणि निम्मा पडदा झाडं किती वाचवली याच्या हिरव्या चित्रांनी भरलेला. वायफाय डीबीपर्यंत पोचत नाही, त्यासाठी वेगळा एक्स्टेंडर घ्यावा लागला. इंटरनेट गेलं की तेवढ्या वेळाचा आलेख कोराच राहतो. वायरमननं सोलरवरचा सीटी उलटा अडकवला होता, त्यामुळे भर उन्हात सोलर वीज खाताना दिसायचं. सीटीवर बाण असतो, तो बघून फिरवला की झालं. पण हे वायरमनकडूनच करून घ्या, मेन बंद करून. डीबीत स्वतः हात घालू नका.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की आलेख सगळाच कोरा राहतो, त्याला मीटरचा दोष समजू नका. ग्रिड गेलं की सोलर इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, म्हणजे खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छपराचा झटका बसू नये. सोलर आहे म्हणजे वीज जाणारच नाही असं समजून पैसे भरलेले आमच्या गल्लीत दोघे-तिघे आहेत.

नुसतं बिल तपासायचं असेल, तर हा मीटर घेऊच नका. एक वही पुरते. सोलरनं दिलेली युनिटं सोलर इन्व्हर्टरच्या ॲपमधून घ्या, त्यातून नेट मीटरवरची निर्यात (ग्रिडला दिलेली) वजा करा आणि आयात (ग्रिडकडून घेतलेली) मिळवा, हा घरचा खरा वापर. समजा सोलर ३४०, निर्यात २१०, आयात २३०, तर घरानं ३६० वापरली आणि बिल २० युनिटांचं आलं. बिल नुसतं बघणाऱ्याला वाटतं आपण २० च वापरतो. पावसाळ्यात सोलर निम्म्यावर आलं की तो दचकतो, आणि १०० च्या पुढे, ३०० च्या पुढे दर कसा चढतो ते त्याला तेव्हा कळतं.

दोन माणसांचा फ्लॅट, एक फ्रिज, एक टीव्ही असं घर असेल, तर साडेपाच हजार सुटायला बराच काळ जाईल. पंप, जुनी उपकरणं, भाडेकरू, घरगुती उद्योग, यातलं काही असेल तर घ्या. भाचा म्हणतो एखाद्या मित्राकडून महिनाभर मागून आणावा, रात्रीची रेघ शोधून झाली की परत करावा. हेही वाईट नाही.

घेताना एकच विचारा: याला व्होल्टेजची वायर जोडायची असते का? नुसता सीटी अडकवून चालणारे स्वस्त मीटर मिळतात, त्यांना करंट किती ते कळतं, पण वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे ते कळत नाही. दुपारी ग्रिडला दिलेली युनिटंही ते घरच्या वापरात धरतात. सोलर नसलेल्या घराला ते चालतील, आपल्याला नाही. आणि घरी थ्री फेज असेल तर तीन फेजचाच मागा, दुकानदार एका फेजचा गळ्यात मारायला बघतो.