ऑनलाइन मागवलेली लहान ऑर्किड्स: दीड वर्षानंतरचा अनुभव

डोंबिवलीत, पूर्वेकडच्या गॅलरीत दीड वर्ष ऑर्किडची लहान रोपं सांभाळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ऑनलाइन मागवायला काहीच हरकत नाही, सीडलिंग, म्हणजे बियांपासून केलेली लहान रोपं, तीही बेलाशक घ्यावीत, पण निवड फुलाच्या फोटोवरून न करता आपल्या गावच्या हवेवरून करावी. माझ्याकडे सगळ्यात जास्त डेंड्रोबियम आहेत, थोडी फॅलेनॉप्सिस आणि एक वँडा. काही रोपं केरळच्या नर्सरीतून आली, काही दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगहून. मी घेतली तेव्हा सीडलिंग दीड-दोनशेला मिळत होतं आणि फुलावर आलेलं तेच झाड सहाशे-सातशेला. फरक मोठा आहे, म्हणून लहान रोपं घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या फरकाची किंमत आपण वेळात मोजतो, इतकंच आधी लक्षात ठेवायचं.

वेळ इतका का लागतो हे कळलं की चिडचिड कमी होते. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. जंगलात ते विशिष्ट बुरशीच्या आधाराने रुजतं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं आणि तेव्हापासून ही रोपं प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढू लागली. बाटलीबाहेर आल्यापासून फुलापर्यंत डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिसला साधारण दोन-तीन वर्षं लागतात, वँडाला त्याहून बरीच जास्त. त्यामुळे ‘सीडलिंग’ एवढंच लिहिलेलं असेल तर बाटलीतून कधी काढलं, हे विक्रेत्याला विचारावंच. विक्रेत्यांच्या यादीतलं एनबीएस (निअर ब्लूमिंग साइज) म्हणजे पुढच्या एखाद्या हंगामात फुलू शकेल असं झाड, बीएस (ब्लूमिंग साइज) म्हणजे फुलण्याइतकं मोठं झालेलं. प्रत्येक जण ही अक्षरं आपापल्या सोयीने वापरतो. मी आता मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागते. चांगले विक्रेते तो लगेच पाठवतात.

पार्सल आल्यावर आधी मुळं बघायची, पानं नंतर. माझी रोपं कुंडीशिवाय आली होती, मुळांना ओलसर मॉस आणि वर वर्तमानपत्राची सुरळी. मूळ दोन बोटांत हलकेच दाबून बघा. निरोगी मूळ टणक लागतं, कोरडं असताना रुपेरी दिसतं आणि पाणी पडलं की हिरवं होतं. सडलेलं मूळ दाबल्यावर साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. असली मुळं उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीने कापली, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि रोपं सावलीत टांगून ठेवली. पिवळी पडलेली एक-दोन खालची पानं प्रवासात जाणारच, त्यावरून तक्रार करू नये. एका विक्रेत्याकडून आलेल्या निम्म्या रोपांची मुळं मात्र पूर्ण काळी होती. फोटो पाठवूनही त्याने उत्तर दिलं नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, बहुतेक जण त्याशिवाय बदली देतच नाहीत. मागवायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत. एप्रिल-मेच्या उन्हात कुरियरच्या गाडीत अडकलेलं रोप अक्षरशः शिजतं.

आता हवा. डेंड्रोबियम, त्यातही फॅलेनॉप्सिससारखी फुलं येणारी जात, आपल्या किनारपट्टीच्या दमट उकाड्यात मनापासून वाढते. मातीच्या भोकं पाडलेल्या कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि थोडं नारळाचं सोडण, बस्स. माती अजिबात नको. सकाळचं कोवळं ऊन थेट, नंतर पन्नास टक्क्यांची शेडनेट. पानं गडद हिरवी दिसायला लागली की समजायचं उजेड कमी पडतोय. पान किंचित पोपटी असावं. वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा फवारायचं.

डेंड्रोबियमच्या वाटचालीची खूण मला फार उशिरा कोणी सांगितली, म्हणून इथे आवर्जून लिहिते. दर हंगामात बुडातून नवा केन, म्हणजे जाडसर खोड, येतो. तो आधीच्या केनपेक्षा उंच आणि जाड आला पाहिजे. पेन्सिलीहून बारीक केन असतील तोवर फुलाची वाट बघू नये. ज्या रोपांचा नवा केन दर वेळी जाड होत गेला तीच माझ्याकडे फुलली. नवा केन जुन्याइतकाच किंवा खुरटा आला तर मुळांशी काहीतरी बिघडलंय, रोप कुंडीतून काढून बघा.

फुलाची पहिली दांडी सप्टेंबरात दिसली. केनच्या टोकाजवळ, पानाच्या बेचक्यात फिकट हिरवा टोकदार उंचवटा आला. काही दिवस तो केकीचा, म्हणजे नव्या पिल्लाचा कोंब वाटत होता. मग तो पान न फोडता सरळ लांबत गेला आणि मण्यांसारख्या कळ्या सुटल्या. कळ्या फुगत असताना कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका. माझी पहिली दांडी चारच फुलांची होती, पण ती फुलं सव्वा महिन्याहून जास्त टिकली. घरी आलेला प्रत्येक जण आधी गॅलरीत जायचा.

रंग मात्र फोटोतला नव्हता. पांढरं फूल आणि जांभळी जीभ, म्हणजे मधली वेगळ्या आकाराची पाकळी, असं मागवलं होतं, उमललं ते सगळंच जांभळं. यात दर वेळी फसवणूक असतेच असं नाही. बियांपासून केलेल्या संकराची भावंडं एकमेकांसारखी निघत नाहीत आणि फोटो बहुधा आईबापापैकी एकाचा असतो. ठरावीक फूलच हवं असेल तर मेरिक्लोन मागा, त्यात मूळ झाडाची हुबेहूब प्रत मिळते. मला ते जांभळं फूल अतिशय आवडलं, पण विक्रेत्याने हे विक्रीच्या वेबपानावर लिहायला हवं होतं.

फॅलेनॉप्सिसची गोष्ट वेगळी. एकाच लॉटमधली एनबीएस रोपं मी आणि पुण्याच्या ताईने वाटून घेतली होती. माझ्याकडे पानं रुंद, तुकतुकीत, मुळं कुंडीबाहेर लोंबतायत, पण पहिल्या हिवाळ्यात दांडी नाही. ताईकडे जानेवारीतच दांड्या निघाल्या. या झाडाला फुलाची दांडी काढायला काही आठवडे गारवा लागतो, हवा सतत अठ्ठावीस अंशांच्या वर राहिली तर ते नुसती पानं वाढवत राहतं. पुण्याच्या थंडीच्या रात्री ते काम आपोआप करतात. किनाऱ्यावरच्यांनी फॅलेनॉप्सिस सीडलिंग घेऊ नये, थेट दांडीवरचं झाड घ्यावं असं मी स्पष्ट सांगेन. मोठ्या फुलांच्या संकरित सिंबिडियमचा तर विचारच नको. सिक्कीम-कालिम्पाँगच्या डोंगरातलं थंडीचं झाड ते, आपल्याकडे जगलं तरी फुलत नाही.

पावसाळा ही खरी परीक्षा. जुलैत सलग झड लागली की लहान रोपांच्या गाभ्यात पाणी साचतं आणि पान मधूनच उपटून हातात येतं. माझी काही रोपं अशीच गेली. त्यानंतर सगळी लहान रोपं गॅलरीच्या आतल्या बाजूला, एकमेकांपासून लांब टांगली, पंखा लावला आणि कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची फवारणी केली, तेव्हा सड थांबली. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात, त्या नेमकी मुळांची हिरवी टोकं खातात.

एक विनंती. ‘सीतेची वेणी’ ऑनलाइन स्वस्तात दिसली तर नीट बघा. कोकणात आंब्याच्या जुन्या झाडांवर मे-जूनमध्ये फुलणारं हे आपलं ऑर्किड. तुटलेली मुळं, मुळांना चिकटलेली झाडाची साल, पानांवर दगडफुलाचे डाग, अशी रोपं जंगलातून ओरबाडलेली असतात. ती घेऊ नका. प्रयोगशाळेत वाढवलेली सीतेची वेणी मिळते, तिला वेळ लागतो आणि तीच घ्यावी.

वँडाने अजून फुलाचं नाव काढलेलं नाही. दोन नवी पानं आणि हातभर मूळ, एवढीच तिची कमाई, आणि तिच्या वयाला ती पुरेशी आहे. येत्या ऑक्टोबरात मी आणखी डेंड्रोबियम मागवणार आहे, या वेळी सगळी मेरिक्लोन, मोजपट्टीच्या फोटोसकट.