संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा: कुठे जावं, कुठे दांडी मारावी

आमच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांसाठी वर्षभर 'व्यावसायिक विकासा'च्या कार्यशाळा चालतात. शुल्क नाही, नोंदणी ऑनलाइन, आणि ठरावीक कार्यशाळांना हजेरी लागली की प्रमाणपत्र. निव्वळ त्या प्रमाणपत्रासाठी जाणार असाल तर घरी बसा. मला ते आजवर एकाही मुलाखतीत कुणी विचारलेलं नाही.

माझा विषय इतिहास, व्यापाऱ्यांच्या जुन्या पत्रव्यवहारावर काम चालू आहे. हे आधी सांगायचं कारण म्हणजे पहिली कार्यशाळा. विषय 'वैयक्तिक विकास आराखडा', म्हणजे आयडीपी. सगळ्यांना 'माय-आयडीपी' उघडायला लावलं. 'सायन्स' हे नियतकालिक काढणाऱ्या एएएएस संस्थेनं 2012 साली सुरू केलेलं हे मोफत साधन आहे. आपली कौशल्यं, आवडी आणि मूल्यं यांबद्दल ते प्रश्न विचारतं आणि विज्ञानातल्या 20 करिअरपैकी कुठलं आपल्याला कितपत जुळतं ते दाखवतं. साधन चांगलंच आहे, पण विज्ञानवाल्यांसाठी. शेजारचा जीवरसायनाचा मुलगा पेटंटपासून विज्ञानलेखनापर्यंत रमून चाळत होता आणि मी मात्र प्रयोगशाळेतल्या कौशल्यांना स्वतःला किती गुण द्यावेत या विचारात. कार्यशाळा घेणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अंदाजे भरा हो!" मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी 2017 पासून 'इमॅजिन पीएचडी' नावाचं असंच मोफत साधन आहे, हे मला नंतर एका सीनियरकडून कळलं. इतिहास, भाषा, समाजशास्त्रवाल्यांनी सरळ तेच उघडावं. त्यासाठी अर्धा दिवस घालवायचं कारण नाही.

आराखडा मात्र करा. संशोधनाला सरकारी अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या एनएसएफ या संस्थेनं 2024 पासून आपल्या अनुदानातून भरीव मदत घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी तो सक्तीचाच केला आहे, आणि दरवर्षी तो अद्ययावत करावा लागतो. फक्त एक करा: स्वतःला दिलेले गुण स्वतःजवळ ठेवा आणि गाइडपुढे फक्त वर्षभराची उद्दिष्टं न्या. आपण कशात कच्चे आहोत याची यादी गाइडच्या हातात आयती कशाला द्यायची?

या सगळ्यात खरोखर जिवंत प्रकार म्हणजे 'थ्री मिनिट थीसिस'ची तालीम. आपलं संशोधन तीन मिनिटांत, त्या विषयाबाहेरच्यांनाही कळेल असं सांगायची ही स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं 2008 साली सुरू केली. एकच स्थिर स्लाइड. ॲनिमेशन नाही, ध्वनिफीत नाही, हातात वस्तू घेऊन दाखवणं नाही. कविता, गाणंही चालत नाही. तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद. आमच्याकडे तालमीला मुद्दाम दुसऱ्या विभागातले विद्यार्थी समोर बसवतात आणि बोलून झालं की प्रत्येकानं आपल्याला काय कळलं ते एका वाक्यात सांगायचं. माझं झाल्यावर एक इंजिनिअरिंगवाली म्हणाली, "म्हणजे तुम्ही टपालाचा इतिहास लिहिताय ना?" मी लिहितेय उधारीबद्दल! कधी तोंड न पाहिलेल्या माणसाला माल कशाच्या भरवशावर द्यायचे, याबद्दल. पुढच्या फेरीत पत्रव्यवहार, कालखंड, संग्रह हे सगळं मागे ढकललं आणि मुदत वाढवून मागणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या पत्रापासून सुरुवात केली. या वेळी सगळ्यांच्या वाक्यात 'विश्वास' आला. तोच मजकूर पुढे फेलोशिपच्या अर्जाचा पहिला परिच्छेद झाला. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी या तालमीला जा.

बायोडाटाच्या कार्यशाळेत स्लाइड वाचून दाखवतात. रेकॉर्डिंग मिळतं, दीडपट वेगानं बघा, पुरे.

माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देण्याचा उपक्रम मात्र मन लावून चालवलेला आहे. वीस मिनिटं मिळतात, आणि नोकरी मागायची नाही, फक्त कामाबद्दल विचारायचं, हा नियम. मला अभिलेखागारात काम करणाऱ्या एक ताई मिळाल्या. "आठवड्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं?" असं विचारल्यावर त्या मोकळेपणानं बोलायला लागल्या. जुनी कागदपत्रं हाताळण्यापेक्षा अंदाजपत्रकं आणि अनुदानाचे अहवाल यांतच त्यांचा जास्त वेळ जातो म्हणे. कुठल्याही माहितीपत्रकात हे छापत नाहीत. त्यानंतर मी प्रकल्प-व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत नाव घातलं, नाहीतर तिकडे फिरकलेही नसते.

वेळापत्रक मात्र कुणी आखलंय देव जाणे. बहुतेक सगळं कामाच्या दिवशी भर दुपारी. प्रयोग लावून बसलेल्यांनी आणि त्याच वेळी पदवीचे वर्ग घेणाऱ्यांनी यायचं कसं? ऑफिसला कळवलं, तर 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. नोंद अजून वहीतच असावी.

नोंदणी सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात उघडते. तालमीच्या जागा सगळ्यात आधी संपतात, तेव्हा तिथे आधी नाव घाला आणि लगेच माजी विद्यार्थ्यांच्या यादीकडे वळा.