तीन प्रोग्राम, एकच फोल्डर : पायइन्स्टॉलरच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका लहान कारखान्याच्या भांडार विभागासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तीन प्रोग्राम लिहिले आहेत. एक आवक-जावक नोंदवतो, दुसरा लेबले छापतो आणि तिसरा महिनाअखेरचा अहवाल एक्सेलमध्ये काढून देतो. तिथल्या विंडोज संगणकांवर पायथन बसवण्याची परवानगी नसल्याने गेले आठ महिने मी हे तिन्ही प्रोग्राम पायइन्स्टॉलर या साधनाने एक्झिक्युटेबल, म्हणजे पायथन न बसवता थेट चालणाऱ्या फाइली, करून देत आहे.

सुरुवातीला प्रत्येकाची स्वतंत्र 'वनफाइल', म्हणजे सगळे पोटात घेतलेली एकच फाइल, बनवली. पाठवायला ती सोयीची होती. परंतु अशी फाइल दर वेळी सुरू होताना आतला सगळा ऐवज तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, आणि पांडाज, नमपाय यांसारख्या जड लायब्ररी (आकडेमोडीच्या तयार कोडचे संच) तिन्हींत वेगवेगळ्या भरलेल्या असल्याने जुन्या संगणकावर लेबलाची खिडकी उघडेपर्यंत भांडारपालांना ताटकळावे लागे. पायइन्स्टॉलरचे 'मर्ज' हे फंक्शनही पाहिले. त्यात सामायिक लायब्ररी एकाच प्रोग्रामजवळ राहते व इतर प्रोग्राम तिच्याकडे बोट दाखवतात, मात्र मग त्यांच्या जागा एकमेकांपासून हलवता येत नाहीत. आमच्याकडे फोल्डर हलणारच, म्हणून तो मार्ग सोडला.

खरा उपयोग झाला तो एकाच स्पेक फाइलचा, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलचा : प्रोग्रामला काय काय लागते ते शोधणारे तीन 'अ‍ॅनालिसिस', एक्झिक्युटेबल बनवणारे तीन 'ईएक्सई' आणि शेवटी सगळे एका फोल्डरमध्ये गोळा करणारे सर्वांचे मिळून एकच 'कलेक्ट'. सामायिक डीएलएल (लायब्ररींच्या विंडोजवर चालणाऱ्या तयार फाइली) एकदाच येतात, आणि आवृत्ती 6 पासून हा पसारा '_इंटर्नल' या फोल्डरमध्ये जात असल्याने वापरणाऱ्यासमोर फक्त तीन एक्झिक्युटेबल राहतात. प्रोग्राम उघडण्यातला फरक पहिल्याच दिवशी जाणवला.

एक ठेच मात्र लागली. दोन प्रोग्रामांत 'लोगो' याच नावाचे चित्र होते. एकत्र बांधताना त्यांतले एकच टिकले आणि लेबलांवर अहवालाचे बोधचिन्ह छापले गेले. आता प्रत्येकाच्या फाइली स्वतंत्र उपफोल्डरमध्ये ठेवतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. डीएलएल सामायिक झाल्या, तरी शुद्ध पायथनमधील मॉड्यूल (कोडच्या फाइली) प्रत्येक एक्झिक्युटेबलच्या पोटातच बांधलेली राहतात. वजनाचे पूर्णांकन करणाऱ्या सामायिक मॉड्यूलमधली चूक दुरुस्त करून मी फक्त अहवालाचा प्रोग्राम बदलला; परिणामी त्याच मालाचे वजन अहवालात 12.5 किलो आणि लेबलावर 12 किलो येऊ लागले. तेव्हापासून बदल एका ओळीचा असला, तरी तिन्ही प्रोग्राम एकत्र बांधून पूर्ण फोल्डरच पाठवतो आणि तिन्हींच्या खिडकीवर बांधणीची तारीख दाखवतो. आता फोन आला की भांडारपाल आधी ती तारीख वाचून दाखवतात.