ईडीआय: घरचं सॉफ्टवेअर की बाहेरची सेवा? चौदा महिन्यांच्या वापरानंतर

ईडीआय म्हणजे ऑर्डर, शेड्यूल, रवानगीचे कागद दोन कंपन्यांच्या संगणकांनी ठरलेल्या साच्यात थेट एकमेकांना पाठवणं. पहिले सहा महिने त्याचं सॉफ्टवेअर कारखान्याच्याच सर्व्हरवर, पुढचे आठ बाहेरच्या सेवेकडे. काम नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या मशीनिंगच्या सुट्या भागांचं. एक ग्राहक जर्मनीतला, एडिफॅक्टवाला; दुसरा अमेरिकेतला, एक्स१२वाला. हे अशा कागदांचे दोन वेगळे साचे.

जोडणीपुरतं बोलायचं तर बाहेरची सेवा सरळ जिंकते. एएस२ (इंटरनेटवरून या फाइली सुरक्षित पाठवायची पद्धत) एकदा चालू झालं की कुणी तिकडे बघत नाही. मग एका सकाळी समोरच्याचं डिजिटल सर्टिफिकेट बदललेलं, आपल्याकडे जुनंच, आणि फाइली अडकलेल्या. सेवावाले हे मुदतीआधी उरकतात.

मॅपिंग (ग्राहकाच्या फाइलीतला कुठला आकडा आपल्या सिस्टीममध्ये कुठे जाणार हे ठरवणं) मात्र त्यांच्या भरवशावर सोडलं की फसगत ठरलेली. डेलफॉरचंच, म्हणजे ग्राहकाकडून येणाऱ्या मागणीच्या शेड्यूलचंच बघा. ग्राहकाची आजवरची एकूण मागणी १४,२०० नग, त्याच्या गोदामात पोहोचलेले १२,४००. वजाबाकी १,८००, आणि तोच आकडा प्लॅनिंगला जातो. पण ६०० नग न्हावा शेव्याहून निघून अजून बोटीवर आहेत! आपली रवानगी १३,००० झाली, म्हणजे बाकी फक्त १,२००. तयार मॅप पोहोचलेला मालच धरून चालत होता. ट्रक एक-दोन दिवसांत पोहोचतो तिथे हा फरक किरकोळ. नाशिकहून तो आठवड्यांचा होतो. काही ग्राहक वर्षारंभी हा आजवरच्या एकूणाचा आकडा शून्यावर आणतात, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो.

दुसरी खोडी अधिकच्या चिन्हाची. एडिफॅक्टमध्ये + म्हणजे दोन रकान्यांमधली भिंत. भागाच्या वर्णनात कुणी ‘+०.०२’ टाकलं की पुढचा मजकूर एक घर सरकतो. आधी ? लावून ‘?+’ करावं लागतं. घरच्या मॅपमध्ये ही दुरुस्ती दहा मिनिटांची, सेवेकडे तिकीट टाकून चार दिवस.

डिस्पॅचवाल्यांचा एक गैरसमज दोन्हीकडे सारखाच: एमडीएन आली म्हणजे एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) मंजूर. एमडीएन ही एएस२वरून फाइल मिळाल्याची नुसती पोच. एक्स१२ची ९९७ ही पोचसुद्धा फाइलीची रचना बरोबर आहे एवढंच सांगते. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकला असेल तर ते ८२४मध्ये, म्हणजे ग्राहकाच्या सिस्टीमने मजकूर तपासून पाठवलेल्या निरोपात कळणार, तेही ग्राहक ती पाठवत असेल तर.

सेवेचं बिल फाइलीतल्या अक्षरांच्या संख्येवर असेल तर घासाघीस करून दर कागदामागे लावून घ्या, कारण प्रत्येक डेलफॉर पुढच्या कित्येक महिन्यांचं शेड्यूल पुन्हा आणतो. मॅपिंगची शीट आणि मूळ फाइली आपल्याकडे राहतील हे करारातच लिहून घ्या. आणि सपोर्टची वेळ विचारा: जर्मनीत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा.