ब्रेक-इन झालेली म्हणून विकली, निघाली तासलेली

स्लो पिच सॉफ्टबॉलसाठी वापरलेली कॉम्पोझिट बॅट विकत घ्यायच्या विचारात कोणी असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे पूर्ण वाचा. माझे पैसे बुडाले, त्याचं वाईट वाटतंच. पण त्या बॅटने मारलेला चेंडू समोरच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खांद्यावर आदळला, तो राग अजून गेलेला नाही. मुख्यतः त्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही अमेरिकेत एका मिश्र लीगमध्ये खेळतो. बायका आणि पुरुष एकाच संघात, यूएसए सॉफ्टबॉल या संघटनेचे नियम. संघात बॅट सगळे मिळून वापरतात आणि आमच्याकडच्या ॲल्युमिनियमच्या दोन्ही बॅटी थकल्या होत्या, म्हणून एक चांगली कॉम्पोझिट घ्यायचं ठरलं. नवी घ्यायची तर २०० ते ४०० डॉलर मोजावे लागतात. शिवाय नवी कॉम्पोझिट पहिल्या दिवशी तिचा खरा खेळ दाखवत नाही. कार्बन फायबरचे थर रेझिनमध्ये बसवून तिचं बॅरल, म्हणजे चेंडूला लागणारा जाड पोकळ भाग, बनवलेलं असतं आणि सुरुवातीला ते कडक असतं. दोनशे, तीनशे, कधी पाचशे फटके मारावे लागतात, तेही दर फटक्याला बॅट थोडी थोडी फिरवून, म्हणजे बॅरल सगळ्या बाजूंनी सारखं मोकळं होतं. याला ब्रेक-इन म्हणतात. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना हा उद्योग नको असतो, त्यामुळे ब्रेक-इन झालेली, कुठेही तडा नसलेली वापरलेली बॅट मिळाली तर लोक उड्या मारतात. फसवणाऱ्यांचा सगळा धंदा या उडीवर चालतो.

मला बॅट विकणारा माणूस ऑनलाइन भेटला. जुन्या बॅटींची देवाणघेवाण करणाऱ्यांत त्याची बऱ्यापैकी ओळख होती. बॅट ३४ इंची, २७ औंसांची, टोकाकडे किंचित जड. यूएसए सॉफ्टबॉलचा मान्यतेचा शिक्का स्पष्ट दिसेल असा फोटो त्याने न मागता पाठवला. मी विचारलं, एंड कॅप, म्हणजे बॅरलच्या टोकाचं झाकण, कधी काढली आहे का? कधीच नाही, म्हणाला. पावती मागितली, तर पावतीचाही फोटो आला. बॅट रोल केली आहे का, म्हणजे रोलरमध्ये दाबून कृत्रिमरीत्या मोकळी केली आहे का, हेही विचारलं. त्यावर तो जरा दुखावल्यासारखा झाला. आपण प्रामाणिक खेळाडू आहोत, ही बॅट फक्त सरावात हाताने मारून तयार केली आहे, मैदानात तुम्हालाच फरक कळेल, असं लांबलचक उत्तर आलं. पैसे मात्र मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पद्धतीने पाठवा, उगाच कमिशन कापलं जातं, असा त्याचा आग्रह होता. त्या पद्धतीत खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं. वस्तू खोटी निघाली तरी पैसे परत मागायचा रस्ता बंद. या आग्रहामागचं कारण नंतर उघडं पडलं.

बॅट आली आणि पहिल्याच सरावात फरक कळला, हे खरं आहे. बॅरलच्या टोकाजवळ लागलेला चेंडूसुद्धा सपकन जात होता. आवाज वेगळा होता, जरा बसका, पोकळ. आमच्यातल्या एकाने म्हटलंही की हा आवाज ओळखीचा वाटत नाही. पण चांगली ब्रेक-इन झालेली कॉम्पोझिट अशीच वाजते आणि अशीच लागते. खोट इथेच लपते. प्रामाणिकपणे वापरलेली बॅट आणि आतून तासलेली बॅट यांची लक्षणं वरवर सारखीच असतात, कारण दोन्हींत घडतं ते एकच: बॅरलची भिंत मऊ होते.

हे नीट समजून घ्यायला हवं. चेंडू बॅटवर आदळतो तेव्हा चेंडू दबतो, आणि दबताना त्याची बरीच ऊर्जा वाया जाते. भिंत लवचिक असेल तर चेंडूऐवजी थोडी भिंत दबते आणि स्प्रिंगसारखी ती ऊर्जा परत देते. चेंडू कमी दबला म्हणजे ऊर्जा कमी वाया गेली, म्हणजे चेंडू जास्त वेगाने सुटला. याला मर्यादा असावी म्हणून यूएसए सॉफ्टबॉलने, तेव्हा तिचं नाव एएसए होतं, २००४ पासून प्रयोगशाळेतल्या चाचणीत फटकावलेल्या चेंडूच्या वेगाला ताशी ९८ मैलांची मर्यादा घातली. यूएसएसएसए ही दुसरी मोठी संघटना, तिची मोजणी वेगळी आणि शिक्काही वेगळा. पन्नाशीच्या पुढच्या खेळाडूंच्या सीनियर स्पर्धांसाठी तर याहूनही जोरकस बॅटींना परवानगी आहे. कारखान्यातून निघताना बॅट या मर्यादेत बसवलेली असते. तासणारा माणूस एंड कॅप काढतो, बॅरलमध्ये लेथवर अवजार घालतो आणि आतून भिंतीचा थर खरवडून काढतो. मग कॅप पुन्हा चिकटवतो. बाहेरचा रंग, शिक्का, अक्षरं, सगळं जसंच्या तसं. शिक्का खराच असतो, फक्त ज्या बॅटला तो मिळाला होता ती बॅट आता उरलेली नसते.

पिचरची गोष्ट सांगते. स्लो पिचमध्ये पिचर ५० फुटांवर उभा असतो. चेंडू उंच कमान करून हळू येतो, त्यामुळे फलंदाजाला पूर्ण ताकद लावायला भरपूर वेळ मिळतो. परत जाणारा चेंडू मात्र हळू नसतो. ताशी ९८ मैलांच्या वेगाने सुटलेला चेंडू ५० फूट साधारण ०.३५ सेकंदात कापतो, आणि ही नियमात बसणाऱ्या बॅटची गोष्ट झाली. त्या सामन्यात आमचा सगळ्यात ताकदीचा फलंदाज तीच बॅट घेऊन उभा होता. सरळ मधून फटका गेला. समोरच्या पिचरने हातमोजा उचलायला सुरुवात केली होती, तो छातीपर्यंतही आला नव्हता, आणि चेंडू खांद्यावर बसला. तोंडावर मास्क होता त्याच्या. चेंडू वीतभर वर असता तर तो मास्कच कामी आला असता. हाड मोडलं नाही, पण हात वर होईना, आणि सामना तिथेच थांबला. आमचा फलंदाज बराच वेळ बाकावर डोकं धरून बसला होता. त्याचा काय दोष?

पुढे एका स्पर्धेत सामन्यांआधी बॅटींची कॉम्प्रेशन चाचणी होती. यंत्र साधंच असतं. बॅरल एका चिमट्यात धरतात, बाजूने दाब देतात आणि भिंत ठरावीक अंतर दबायला किती पौंड जोर लागतो ते काट्यावर वाचतात. बॅट फिरवून तीन-चार ठिकाणी वाचन घेतात. ज्या बॅटी पास होतात त्यांना त्या दिवसाचा स्टिकर लागतो. आमची बॅट पहिल्याच वाचनात किमान आकड्याच्या बरीच खाली गेली. तपासणाऱ्या गृहस्थांनी ती फिरवून पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा लावली. काही न बोलता त्यांनी एंड कॅपच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं.

ते जे दाखवलं ते प्रत्येकाने बघायला शिकावं. कॅप आणि बॅरल मिळतात तिथल्या फटीत कारखान्याचा डिंक सहसा एकसारखा, बारीक रेषेत असतो. इथे एका बाजूला तो रेषेत होता आणि दुसऱ्या बाजूला पिवळसर, फुगीर, थेंब ओघळून सुकल्यासारखा. बॅरलच्या कडेला बारीक खाच होती, कॅप उचकटताना अवजार लागल्याची. खाचेवर काळ्या मार्करने रंग लावलेला होता. ओल्या कपड्याने पुसल्यावर काळं कपड्यावर आलं. फोटोत ही बाजू कुठेच नव्हती. सगळे फोटो शिक्क्याच्या बाजूने काढलेले.

नंतर बॅट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून कॅप उघडून घेतली. आत बोट घातलं तर भिंतीवर गोल गोल चरे लागत होते, आणि तळाशी काळी भुकटी. वजनाचं कोडंही तिथे सुटलं. बॅट घेतल्याबरोबर मी ती वजनकाट्यावर ठेवली होती आणि वजन लिहिल्याप्रमाणे २७ औंसांच्या आसपास भरलं होतं. भिंत तासल्यावर वजन कमी व्हायला हवं, पण कॅपच्या आत रबरासारख्या पदार्थाचा गोळा चिकटवून कमी झालेलं वजन भरून काढलेलं होतं. म्हणजे काट्यावर ठेवून बघणाऱ्यालाही फसवायची तयारी. टोकाला जडपणा आला तर फटका आणखी जोरात बसतो, तो फायदा वेगळाच.

पावतीचं काय, तर उत्पादक कंपनीला बॅटवरचा क्रमांक आणि पावती पाठवल्यावर उत्तर आलं की पावती दुसऱ्याच बॅटची आहे. वॉरंटीचा प्रश्नच मिटला. ती बहुधा वर्षभराची असते, पहिल्या खरेदीदाराची असते आणि बॅटमध्ये फेरफार दिसला की रद्द होते. विकणाऱ्याने आधी म्हटलं की बॅट तुम्हीच उघडली असेल. तपासणीच्या जागी काढलेले फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. पैसे ज्या पद्धतीने गेले होते त्यामुळे पेमेंट कंपनीनेही हात वर केले.

फसवणुकीचे आणखी प्रकार याच बाजारात आहेत. सीनियर स्पर्धांची बॅट घेऊन तिच्यावर साध्या परवानगीच्या मॉडेलचा रंग आणि शिक्का चढवतात. रंग नेहमीपेक्षा जाड लागतो, अक्षरांच्या कडा हाताला जाणवतात. पूर्ण नकली बॅटीही येतात, नामांकित मॉडेलची कोरी बॅट निम्म्या किमतीत दिसली तर बहुतेक तीच. रोल केलेली बॅट ओळखणं सगळ्यात कठीण, कारण उघडून बघितलं तरी आत काही खरवडलेलं दिसत नाही.

आता मी कुणालाही सांगते ते असं. शिक्का बघून थांबू नका. यूएसए सॉफ्टबॉलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त बॅटींची यादी असते आणि शिक्का असूनही बाद ठरवलेल्या बॅटींची वेगळी यादी असते, दोन्हींत मॉडेल शोधा. आपली लीग कुठल्या संघटनेच्या नियमांनी खेळते ते आधी विचारा, कारण एकीकडची चालणारी बॅट दुसरीकडे चालेलच असं नाही. विकणाऱ्याकडे एंड कॅपचा चारही बाजूंनी, उजेडात, जवळून काढलेला फोटो मागा. आणि कॅप वर धरून बॅट हलवतानाचा व्हिडिओ आवाजासकट मागा, आत काही सुटं असेल तर खुळखुळतं. अर्थात खुळखुळलं नाही म्हणजे बॅट चांगली असं नाही, आमची खुळखुळत नव्हती. पावतीवरचं मॉडेल आणि बॅटवरचा क्रमांक जुळतो का, हे पैसे देण्याआधी कंपनीला विचारा. खरेदीदाराला संरक्षण असलेल्या पद्धतीनेच पैसे द्या. त्याचं कमिशन तुम्ही भरायची तयारी दाखवूनही समोरचा नको म्हणत असेल तर तिथेच व्यवहार सोडा.

आणि नियमांच्या बाजूने हेही माहीत असू द्या की फेरफार केलेली बॅट घेऊन कोणी फलंदाजीला उतरलं, तर यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांनुसार तो फलंदाज बाद होतो आणि सामन्यातून बाहेर काढला जातो. बॅट कुणी तासली, कुणी विकली, हे मैदानात कोणी विचारत नाही. ज्याच्या हातात बॅट, त्याच्यावर कारवाई. आमच्या बाबतीत चाचणी सामन्याआधी झाली म्हणून हे टळलं. त्या दिवशी पहिला फलंदाज म्हणून नाव होतं एका विशीतल्या मुलीचं, जिला बॅटींतलं काही कळत नव्हतं.

ती बॅट मी कुणाला दिली नाही. तासलेली बॅट एकदा बाजारात परत गेली की नवा शिक्का, नवी पावती लावून पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात पडते. स्पर्धेच्या आयोजकांसमोर बॅरल करवतीने आडवं कापून घेतलं, आणि कापलेल्या तोंडाचे फोटो, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ झालेली भिंत, लीगच्या सगळ्या कर्णधारांना पाठवले. त्यातल्या दोघांनी स्वतःच्या संघाच्या बॅटी चाचणीला दिल्या. एक पास झाली, एकीची एंड कॅप सध्या उघडायला गेली आहे.