टर्कीतली जनुकीय विविधता मोजायची आहे: मायक्रोसॅटेलाइट घ्यावेत की एसएनपी?

पुण्यात बायोटेक, प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यक शाखेत शिकताना ज्यांनी टर्की हा विषय घेतला आहे, किंवा घ्यायचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुण्याच्या आसपास टर्कीचे कळप लहान असतात आणि पक्षी मुळात कुठून आले याची वही सहसा कुणी ठेवत नाही. त्यामुळे विषय अभ्यासासारखा आहे. गाडी अडते ती मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ज्या खुणा वाचून विविधता मोजायची त्या, निवडताना. गाईड एक सुचवतात, सीनियर दुसरं, आणि सीक्वेन्सिंग कंपनीचा माणूस तिसरंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात एकच सेमिस्टर आणि साठ-सत्तर पक्षी असतील तर मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या पुनरावृत्तीच्या जागा). पीएचडी असेल आणि निदान तीन वर्षं असतील तर एसएनपी (डीएनएतले एकेका बेसचे फरक), पण तेही तयार चिपवरून (ठरावीक एसएनपीच तपासणाऱ्या पट्टीवरून) नको, सीक्वेन्सिंग करून काढलेले घ्या. आता कारणं.

त्याआधी ‘जात’ म्हणजे नेमकं काय मोजतोय ते पक्कं करा, कारण बरेच प्रकल्प इथेच घसरतात. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या लेखी टर्की ही एकच जात आहे. ब्रॉन्झ, नॅरागॅन्सेट, व्हाइट हॉलंड, ब्लॅक, स्लेट, बर्बन रेड, रॉयल पाम आणि बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट हे तिचे आठ प्रकार, आणि ते मुख्यतः पिसांच्या रंगावरून ओळखले जातात. रंग ठरवणारी जनुकं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पांढरा रंग तर अप्रभावी आहे, त्यामुळे ब्रॉन्झ नर-मादी दोघांत तो दडलेला असला की एखादं पिल्लू पांढरं निघतं. म्हणजे कळपात तीन रंग दिसले म्हणून विविधता जास्त असं नाही, आणि सगळे पक्षी एकाच रंगाचे म्हणून ती कमी असंही नाही. भारतात ब्रॉड ब्रेस्टेड ब्रॉन्झ, ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट आणि बेल्ट्सव्हिल ही नावं प्रचलित आहेत. पण शेतावरचा मालक पक्ष्याला ‘ब्रॉन्झ’ म्हणतो तेव्हा तो रंग सांगत असतो, वंशावळ नाही. तुमच्या तक्त्यात ‘जात’ या रकान्याआधी ‘पिल्लं कुठून आणली’ हा रकाना हवा.

रॅपिड (आरएपीडी) या जुन्या मार्करवर फार वेळ घालवत नाही. दहा बेसचा प्राइमर, साधं अगारोज जेल, खर्च कमी, म्हणून अजूनही काही ठिकाणी तो सुचवला जातो. टर्कीचा जीनोम हाताशी नव्हता तेव्हा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने हेरिटेज (जुन्या, पारंपरिक वाणांच्या) टर्कींवर रॅपिड वापरलं, ते त्या काळाला धरून होतं. पुढे तेही मायक्रोसॅटेलाइटकडे वळले. रॅपिडमध्ये पट्टा दिसला तर पक्ष्यात त्या ठिकाणी एक प्रत आहे की दोन, हे कळत नाही. शिवाय पीसीआर मशीन बदललं की पट्टे बदलतात. आज यावर प्रबंध उभा करू नका.

मायटोकाँड्रियल डीएनएचं तसं नाही, तो चांगला मार्कर आहे, फक्त त्याला वेगळा प्रश्न विचारायला हवा. तो आईकडूनच येतो, त्यामुळे पक्ष्याचं आजोळ सांगतो, बापाच्या घराबद्दल अवाक्षर काढत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या पुरातत्त्वीय उत्खननांतली हाडं आणि वाळलेली विष्ठा यांतून काढलेल्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून 2010 मध्ये दाखवून देण्यात आलं की टर्की मेक्सिकोशिवाय तिथेही स्वतंत्रपणे माणसाळवली गेली होती. प्रश्न उगमाचा होता, म्हणून उत्तर मिळालं. आपल्याकडे जहांगिराच्या दरबारात 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून टर्की आणली आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं, हे वाचून कुणालाही वाटेल की पोर्तुगीज काळातली मातृशाखा इथे सापडते का ते पाहावं. कल्पना मोहक आहे. पण आजच्या पाळीव टर्की थोड्याच मातृशाखांतून आलेल्या आहेत. सगळ्या पक्ष्यांचा डी-लूप (मायटोकाँड्रियल डीएनएतला जास्त बदलणारा भाग) जवळपास एकसारखा निघाला तर प्रबंधात लिहायला काही उरत नाही. डी-लूप जोडीला ठेवा, त्याच्यावर सगळा भार टाकू नका.

आता खरा सामना.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे दोन ते सहा बेसचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेली जागा. किती वेळा आला ते पक्ष्यागणिक बदलतं, त्यामुळे एकाच जागेला पाच-सात अलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं) मिळू शकतात आणि दहा-पंधरा जागांवरून बरंच काही समजतं. चकाकणारा रंग लावलेले प्राइमर, पीसीआर आणि मग कॅपिलरी मशीनवर लांबी मोजणं, एवढंच काम. पीसीआर तुमच्याच लॅबमध्ये होतो, फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिस बाहेरून करून घेता येतं. खरं कसब लागतं ते आलेख वाचताना. दोन बेसच्या रिपीटमध्ये मुख्य शिखराच्या दोन बेस अलीकडे एक बुटकं शिखर येतं, त्याला स्टटर म्हणतात; ते पीसीआरमध्ये पॉलिमरेज घसरल्यामुळे. पक्ष्याचे दोन अलील खरोखरच दोन बेसच्या अंतरावर असले, तर ते बुटकं शिखर स्टटर की अलील हे ठरवताना डोळे थकतात. सॉफ्टवेअरच्या आपोआप वाचनावर विसंबू नका. प्रत्येक जागेसाठी आधी स्पष्ट होमोझायगस (दोन्ही अलील सारखे) असलेले पक्षी शोधा, त्यांचा स्टटर केवढा आहे ते बघा, आणि मग बाकीचे वाचा. जमलं तर चार बेसचे रिपीट निवडा, त्यात स्टटर बराच कमी असतो.

दुसरा सापळा जास्त घातक आहे. एफएओच्या शिफारशीतला कोंबडीचा 30 मार्करचा संच सगळ्यांना ठाऊक असतो, लॅबच्या फ्रीजरमध्ये ते प्राइमर पडलेलेही असतात, आणि त्यातले बरेच टर्कीवर चालतातसुद्धा. पण कोंबडी आणि टर्की कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. प्राइमर बसतो त्या जागी एखाद्या अलीलमध्ये बदल झालेला असेल तर तो अलील पीसीआरमध्ये उमटतच नाही, यालाच नल अलील म्हणतात. मग हेटरोझायगस (दोन वेगळे अलील असलेला) पक्षी होमोझायगस दिसतो, एफ-आय-एस (अंतःप्रजनन दाखवणारा आकडा) वाढतो आणि विद्यार्थी निष्कर्ष लिहून मोकळा होतो की कळपात अंतःप्रजनन फार आहे. दोष प्राइमरचा, बदनाम कळप. ओळखायची खूण सोपी आहे: खरं अंतःप्रजनन सगळ्या जागांवर दिसतं, नल अलील एक-दोन जागांवरच. टर्कीचे स्वतःचे मायक्रोसॅटेलाइट मिनेसोटा विद्यापीठातून मोठ्या संख्येने प्रसिद्ध झालेले आहेत, ते घ्या. त्यातही झेड क्रोमोसोमवरचे वगळा. पक्ष्यांत मादी झेडडब्ल्यू असते, तिच्याकडे झेडची एकच प्रत, त्यामुळे ती त्या जागी कायम होमोझायगस दिसणार, आणि पैदाशीच्या कळपात माद्याच जास्त असतात.

एसएनपीची बाजू उलट आहे. एका जागेला सहसा दोनच पर्याय, म्हणून एकेकटा एसएनपी फारसं सांगत नाही. पण ते हजारोंनी मिळतात आणि जीनोमभर पसरलेले असतात. टर्कीचा जीनोम 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, आकार साधारण 1.1 अब्ज बेस. 2012 मध्ये 32 पक्ष्यांचा पूर्ण जीनोम वाचून सुमारे 55 लाख एसएनपी नोंदवले गेले. त्या अभ्यासात व्यावसायिक आणि हेरिटेज वाणांबरोबर 1899 मध्ये मेक्सिकोत गोळा केलेले संग्रहालयातले नमुनेही होते, आणि आजच्या व्यावसायिक वाणांत विविधता आटल्याचं चित्र त्यातून समोर आलं. जगातली टर्कीची पैदास मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे आणि रुंद छातीचे नर नैसर्गिक मिलनही नीट करू शकत नाहीत, सगळं कृत्रिम रेतनावर चालतं. अशा वेळी लहान कळपांत काय शिल्लक आहे हे मोजणं मला खरोखर महत्त्वाचं वाटतं.

मग तयार चिप का नको? टर्कीसाठी चिप आहेत, त्यातली एक 65 हजार एसएनपींची. पण चिपवर कोणते एसएनपी घ्यायचे हे मुख्यतः व्यावसायिक वाणांत काय बदलतं ते पाहून ठरतं. आपल्या कळपात वेगळ्याच जागी असलेले फरक त्या चिपला दिसत नाहीत, आणि मिश्र रक्ताचा साधा कळप आहे त्याहून गरीब दिसतो. विविधता हाच प्रश्न असताना ही चूक परवडणारी नाही. डीडीरॅडसारख्या पद्धतीत दोन रिस्ट्रिक्शन एन्झाइमनी डीएनए कापून ठराविक लांबीचे तुकडेच वाचले जातात. जीनोमचा थोडाच भाग हाती लागतो, पण तो तुमच्याच पक्ष्यांतून आलेला असतो. पूर्ण जीनोम दहापट खोलीने वाचायचा तर एका पक्ष्यामागे 11 अब्ज बेस लागतात. तो पैसा डीडीरॅडमध्ये जास्त पक्ष्यांवर वापरता येतो.

एसएनपीने एक गोष्ट मिळते जी पंधरा मायक्रोसॅटेलाइट देऊच शकत नाहीत: सलग होमोझायगस पट्टे. ते लांब असतील तर नातेसंबंधातली जोडणी अलीकडच्या पिढ्यांतली, आखूड असतील तर जुनी. कळपमालकाला नर आत्ता बदलायचा की नाही, याचं उत्तर यातून निघतं. हे पट्टे नीट शोधायला एसएनपी दाट लागतात, म्हणून डीडीरॅडबरोबर निवडक पाच-सहा पक्ष्यांचा पूर्ण जीनोम वाचून घेतला तर उत्तम. संगणनाची धास्ती नको. आयसर या संशोधन संस्थेत परम ब्रह्मासारखा महासंगणक पुण्यात आहे हे खरं, पण साठ पक्ष्यांचा डीडीरॅड डेटा 32 जीबी रॅमच्या मशीनवरही निघतो. लिनक्स आणि प्लिंक (एसएनपी डेटा तपासणारं सॉफ्टवेअर) मात्र शिकावंच लागेल, आणि त्याला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त महिने जातात. एका सेमिस्टरच्या प्रकल्पाला एसएनपी नको म्हणतो ते याचसाठी.

नमुन्यांबाबत दोन्ही मार्कर सारखेच कडक आहेत. एका हॅचच्या वीस पिल्लांचं रक्त घेतलं तर ते वीस नमुने नव्हेत, एक-दोन कुटुंबं आहेत. प्रत्येक कळपातून शक्यतो नात्यात नसलेले 25-30 प्रौढ पक्षी मिळवा. तेवढे नसतील तर कळपांची संख्या वाढवा, पण वेगवेगळे कळप एकत्र करून एकच गट म्हणून मोजू नका. त्यानेही हेटरोझायगस कमी पडल्यासारखे दिसतात. तुलनेला बाहेरचा संदर्भ हवा. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कारी-विराट आणि तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाची नंदनम टर्की यांचे नमुने मिळावेत म्हणून गाईडच्या सहीचं पत्र पहिल्याच महिन्यात पाठवा. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरीही रक्त काढण्याआधी हातात हवी.

रक्त पंखाच्या आतल्या शिरेतून घ्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असतं, त्यामुळे थेंबभर रक्तात भरपूर डीएनए मिळतो. सस्तन प्राण्यांच्या सवयीने दोनशे मायक्रोलिटर रक्त किटमध्ये घातलं तर नळीत जेलीसारखा गोळा होतो आणि कॉलम तुंबतो. दहा मायक्रोलिटर पुरे. शेतावर बर्फाची सोय नसेल तर एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणाऱ्या खास कागदावर) थेंब टाकून सावलीत वाळवा. त्यातून मायक्रोसॅटेलाइट छान चालतात. डीडीरॅडला मात्र अखंड आणि जास्त डीएनए लागतो, त्यासाठी ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) किंवा अल्कोहोलमधलं रक्त ठेवा. निर्णय अजून डळमळीत असेल तर एकाच सुईत दोन्ही घ्या, म्हणजे मार्कर नंतर बदलला तरी पुन्हा पक्षी धरावा लागत नाही.

आणि रंगीत प्राइमर मागवण्याआधी साधे प्राइमर आणून आठ पक्ष्यांवर, दोन वेगळ्या कळपांतले चार-चार, पीसीआर चालवून बघा. ज्या जागी आठांपैकी दोन-तीन पक्ष्यांत काहीच उमटत नाही ती जागा तिथेच सोडा. रंगीत प्राइमर महाग पडतो आणि परत करता येत नाही.